दंडाने येणारी शुचिता

पुण्यातील सहकारी गृहरचना संस्थांच्या सभांत हल्ली एक विषय हमखास वादाला येतो, आणि तो वरकरणी कितीही क्षुद्र भासला तरी धर्मविचारातील एका जुन्या गाठीला हात घालणारा आहे: ओला व सुका कचरा वेगळा न ठेवणाऱ्या सभासदास दंड करावा काय? 2016 सालच्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशी वर्गवारी ज्याच्या घरी कचरा निर्माण होतो त्याच्यावरच बंधनकारक केली, तेव्हा कायद्याचा फैसला झालेलाच आहे. उरतो तो नीतीचा. सभेत एखादे सेवानिवृत्त गृहस्थ उठतात आणि विचारतात, की स्वच्छता संस्काराने यावी की जरबेने? भयाने केलेले सत्कर्म ते कसले सत्कर्म?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पतंजलींनी नियमांत शौचाला अग्रस्थान दिले ते साधकाने आपण होऊन अंगीकारावयाचे व्रत म्हणून. आणि पावती फाटेल या धास्तीने जे कर्म घडते त्याने चित्तशुद्धी होते, असे कोणताही आचार्य म्हणणार नाही. परंतु कचरा वेगळा ठेवणे ही कर्त्याच्या आत्मोन्नतीची साधना आहे, हे या युक्तिवादाने मुकाट्याने गृहीत धरले आहे, आणि माझ्या मते विचार घसरतो तो येथेच.

कारण सरमिसळ केलेली पिशवी जिन्याखालच्या डब्यात पडली म्हणून निवडण्याचे काम टळत नाही. ते दुसऱ्याच्या हातांवर जाते. हे हात बहुतांशी स्त्रियांचे आहेत: 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित झालेल्या, आणि पुढे ‘स्वच्छ’ या आपल्या सहकारी संस्थेमार्फत दारोदार कचरा गोळा करू लागलेल्या कष्टकरी स्त्रियांचे. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढीच त्यांची मागणी. पण देवघरात सोवळे कसोशीने पाळणाऱ्या घरांनाही ती तसदी वाटते, कारण आमची शुचिता उंबरठ्यापलीकडे पाऊल टाकीत नाही. (कीर्तनाआधी गावाचे रस्ते झाडणाऱ्या गाडगेबाबांची तसबीर त्याच सभागृहात लावलेली असते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.) फुटलेल्या काचेने बोट कापले म्हणजे ती काच टाकणाऱ्याचा हेतू सात्त्विक होता की तामस, याची जखमेला दखल नसते. दंड समर्थनीय ठरतो तो या बोटासाठी. सभासदाच्या आत्म्याचे काय होईल ते त्याचे त्याने पाहावे.

मात्र सामायिक डब्यात घाण सापडली म्हणून साऱ्या इमारतीवर दंड बसविणे मला अन्यायाचे वाटते. ज्या इमारतीत दारापाशीच कचरा घेतला जातो तेथे दोष कोणाचा हे आपोआप उघड होते, आणि कार्यकारिणीला रखवालदाराकडून हेरगिरी करवून घ्यावी लागत नाही. अडचण त्यापुढची आहे. पुष्कळ घरांत डबा भरते आणि बाहेर ठेवते ती घरकाम करणारी बाई. दंडाची पावती येताच ती रक्कम तिच्या पगारातून वळती करून घ्यावी असे मालकांना सुचणे मुळीच अशक्य नाही, आणि मग ज्या हातांच्या रक्षणासाठी दंड बसविला त्यांच्यासारख्याच दुसऱ्या हातांकडून तो वसूल होतो. तेव्हा ठराव करावयाचाच असेल तर पावती सभासदाच्या नावे फाडावी, रक्कम त्याच्या देखभाल-बिलात चढवावी, आणि पगारातून कपात करू नये हे ठरावाच्या मसुद्यातच स्पष्ट लिहावे.