टाकीचे घाव

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' हे वाक्य मी शाळेतल्या प्रत्येक निबंधात वापरलं आहे. त्यातली टाकी म्हणजे पाथरवटाची छिन्नी, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी ती गच्चीवरची पाण्याची टाकी समजत होतो, आणि देवाला तिचा मार का म्हणून बसावा, याचं कोडं मला पडत असे. पण यंदा उन्हाळ्यात न्यू जर्सीला ताईच्या गॅरेजमध्ये पेट्रोलच्या एका टाकीनं माझ्यावर असे काही घाव घातले, की तो लहानपणचा अर्थही अगदीच चुकीचा नव्हता असं आता वाटतं. देवपण आलं नाही. शहाणपण जरासं आलं.

त्याचं असं झालं. ताईचा मुलगा चांगला शिकलेला, चांगल्या पगाराचा. त्याला नाद लागला ड्रिफ्टिंगचा. ड्रिफ्टिंग म्हणजे गाडी मुद्दाम घसरवणं. वळणावर मागच्या चाकांची पकड सोडवायची, गाडी आडवी होऊ द्यायची, आणि ती आडवी असतानाच धुराच्या लोटांतून पुढे न्यायची. यात पहिला कोण पोचला हे कुणी विचारत नाही. किती डौलानं घसरलात, त्याला परीक्षक गुण देतात. हे वेड मूळचं जपानचं. कुनिमित्सु ताकाहाशी नावाच्या शर्यतपटूनं १९७० च्या दशकात वळणं अशी घ्यायला सुरुवात केली, केइची त्सुचिया तेच घाटरस्त्यांवर गिरवत नावारूपाला आला, आणि २००४ पासून अमेरिकेत त्याच्या रीतसर स्पर्धा सुरू झाल्या. मला खेळ ओळखीचा वाटला. पहिल्या पावसात आमच्या पुण्यात हा सगळेच खेळतात. फक्त गुण कुणी देत नाही.

"तू समजाव रे त्याला," ताई म्हणाली. "मामाचं ऐकतो तो. चाळीस वर्षं बँकेत जपून काढलीस तू."

जपून राहण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे मलाही मान्य होतं. शनिवारी सकाळी चहा घेऊन मी उपदेशाच्या तयारीनं गॅरेजमध्ये शिरलो. भाचा १९९१ सालच्या निस्सानच्या पोटाखाली होता. नुसते पाय दिसत होते, आणि पायांना उपदेश करायला जीभ रेटेना.

"मामा, आलास? तो पाना दे. आणि हे धर."

मी धरलं. उपदेशकाच्या हातात एकदा पाना आला की तो मदतनीस होतो.

जुनी टाकी खाली उतरली आणि नवी तिची गोष्ट सांगू लागली. म्हणजे भाचाच सांगत होता. गाडी आडवी घसरते तेव्हा टाकीतलं पेट्रोलही एका कुशीला पळतं. टाकी पुरती भरलेली नसली की नळीचं तोंड उघडं पडतं, पंप हवा ओढतो आणि ऐन वळणात इंजिन आचके देतं. हे मात्र मला त्यानं सांगायची गरज नव्हती. पेट्रोल संपलेली स्कूटर एका अंगावर कलती करून शेवटचे चार घोट काढायचे आणि पंप गाठायचा, या विद्येत माझी पिढी पारंगत होती. आम्ही कलून पेट्रोल मिळवलं. हा कलून घालवत होता. शास्त्र एकच.

नवी टाकी डिकीत बसायची होती. वरून पत्र्याची पेटी, आत रबरासारखी चिवट पिशवी, आणि पिशवीत चक्क स्पंज. स्पंजामुळे पेट्रोल उसळत नाही आणि पिशवी फाटली तरी भसकन बाहेर येत नाही. वर एक झडप, गाडी उलटली की आपोआप मिटणारी. जुनीत सुमारे साठ लिटर मावत, हिच्यात तीस.

"पैसे जास्त आणि पेट्रोल निम्मं?" माझ्यातला बँकवाला जागा झाला.

"लागतं तेवढंच घेऊन फिरायचं, मामा. बाकीचं उगाच जळायला."

एरवी हे वाक्य मी कीर्तनात ऐकलं असतं. पुढे तो म्हणाला की ही पिशवी माणसं गेल्यावर आली आहे. १९६४ च्या मे महिन्यात इंडियानापोलिसच्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीला आग लागून एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड हे दोन चालक गेले. त्याच्या सहाच दिवस आधी शार्लटला ग्लेन रॉबर्ट्सची गाडी पेटली, आणि तोही जुलैत गेला. त्याला सगळे 'फायरबॉल' म्हणत. हे नाव गाडीवरून पडलेलं नव्हतं. पोरवयात बेसबॉल फार जोरात फेकायचा म्हणून पडलं होतं. नशिबाची थट्टा कधीकधी फार हलक्या दर्जाची असते. त्यानंतरच्या वर्षांत शर्यतीच्या गाड्यांना या पिशव्या लागत गेल्या.

"आणि पिशवीलाही मुदत असते," भाचा म्हणाला. "मोठ्या स्पर्धांत पाच वर्षं. पुढे तपासून घेतली तर आणखी दोन. मग बदलायची."

मी चहाचा कप खाली ठेवला. का ठेवला, ते पुढे येईलच.

आता टाकी गाडीच्या आतच आल्यामुळे डिकी आणि बसायची जागा यांच्यामध्ये पत्र्याची सलग भिंत हवी. त्या पत्र्याचं माप घ्यायचं काम माझ्याकडे आलं. टेपच्या एका कडेला इंच होते, दुसरीला सेंटिमीटर. मी अत्यंत काळजीपूर्वक, चष्मा लावून, दोन्ही मिसळले. रात्री दहाला पत्रा कापून बसवला तर एका बाजूला चार बोटं फट. दुकानं बंद. रविवारी सकाळी इंग्लिशटाउनला गाड्या घसरवायला जायचं होतं, आणि, हे ताईला सांगू नका, भाच्यानं मला शेजारच्या सीटवर बसवायचं कबूल केलं होतं. बुधवारी माझं परतीचं विमान होतं.

मी फटीकडे पाहिलं. भाच्याकडे पाहिलं. आणि चाळीस वर्षं जपून काढलेल्या तोंडातून शब्द आले, "एक दिवस चालेल की! काय होतंय?"

'काय होतंय' हे आपलं खरं राष्ट्रीय तत्त्वज्ञान. त्याला भाष्य लागत नाही. स्कूटरवर पुढे धाकटी, मागे बायको, तिच्या मांडीवर थोरला आणि हँडलला भाजीची पिशवी अडकवून आम्ही ते आचरणात आणलं आहे.

भाचा हात पुसत म्हणाला, "मामा, घसरून भिंतीवर आदळलो तर ते मी केलं. मला हौस, मी फी भरली. पण आग लागली तर धावत कोण येणार? वळणावर झेंडा घेऊन उभा असतो तो. तो बऱ्याचदा हौसेखातर फुकट उभा राहतो. त्याला विचारलंय का आपण, काय होतंय म्हणून?"

मी त्याला सांगायला आलो होतो की बाबा, जीव धोक्यात घालू नकोस. आता कळलं की धोका दोन जातींचा असतो. एक आपण आपल्या खात्यावर काढतो, आणि दुसरा शेजाऱ्याच्या खात्यावर, त्याची सही न घेता. बँकेत या दुसऱ्याला फौजदारी नाव आहे. माझा भाचा पहिला धोका मोठ्या थाटात घेत होता आणि दुसऱ्याचा पैसा न पैसा चुकता करत होता. मी पहिला कधी घेतलाच नाही. म्हणून मला वाटत राहिलं की मी जपून राहणारा माणूस आहे.

रविवारी आम्ही नुसते बघायला गेलो. दोन गाड्या हातभर अंतर ठेवून जोडीनं आडव्या जात होत्या. भाचा गाड्यांकडे बघत होता. मी सगळा वेळ झेंडेवाल्याकडे बघत होतो. साठीचा, टक्कल पडलेला, गळ्यात पाण्याची बाटली. माझ्यासारखाच दिसत होता. शेजारची सीट मला मिळाली नाही ती नाहीच. त्याचं वाईट अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण ते दुसऱ्या दिवशीचं. शनिवारी रात्री अकराला मी पुण्याला फोन लावला होता. तिथे सकाळचे साडेआठ.

"अगं, स्वयंपाकघरातली गॅसची नळी बघ. तिच्यावर तारीख छापलेली असते. दर पाच वर्षांनी बदलायची असते ती."

"तुम्ही अमेरिकेतून नळी बघायला फोन केलात?"

"बघ तर खरं."

बराच वेळ शांतता. आमच्या इमारतीत वर दोन मजले, खाली एक, बारा बिऱ्हाडं. एकाचीही सही माझ्याकडे नव्हती.

"तारीख दिसत नाही हो," ती म्हणाली. "पुसून पुसून गेलीय."

सकाळी ताईनं विचारलं, "समजावलंस का रे त्याला?"

"समजावासमजावी झाली," मी म्हणालो. कुणी कुणाला, ते तिनं विचारलं नाही.