परगृहीचा विद्यार्थी

परदेशी विद्यार्थ्यास आश्रय देताना धर्माची अट घालावी काय? सन १८८३ त आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यास अमेरिकेस गेल्या. आपण हिंदू राहूनच परत येऊ, असे त्यांनी निघण्यापूर्वी बंगाल्यात जाहीर सांगितले होते. तरी न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंनी त्यांस घरी ठेवून घेतले. त्यांच्या शाकाहारास आडकाठी केली नाही. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणत. १८८७ त त्या पुण्यास वारल्यावर त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आली. कोणी म्हणेल, मग साक्ष कोठे राहिली? आम्हांस वाटते, मोबदला न मागणारी प्रीती हीच साक्ष. प्रिय वाचकहो, दारी आलेल्या परक्या विद्यार्थ्यास आधी भाकर द्यावी. त्याचे अंतःकरण प्रभूच्या हाती सोपवावे.