मधला थर

गेल्या मे महिन्यात आमच्या कचेरीतील संगणक भर दुपारी आपोआप बंद पडू लागला. नांदेडच्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जाणे नित्याचेच. अशा वेळी माणसांनाही काम सुधरत नाही, मग यंत्राला बोल तो काय लावावा, असे म्हणून प्रारंभी आम्ही दुर्लक्ष केले. परंतु बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्यांतील नोंदी यंत्रात उतरविण्याचे काम अर्ध्यावर आले होते, आणि दर दुपारी तासाभराचे लेखन वाया जाऊ लागले. अखेर लातूरला संगणकदुरुस्तीचे लहानसे दुकान चालविणाऱ्या एका तरुणाला आम्ही फोन केला. हा मुलगा एके काळी आमच्याच हाताखाली वेदीसेवक होता. त्याने दोन-चार प्रश्न विचारले व निदान केले: "फादर, प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असणार. जुनी पुसून नवी लावा. मला यायला चार दिवस लागतील, पण हे काम तुम्हालाही जमेल."

वयाची पन्नाशी ओलांडल्यावर कोणी "तुम्हालाही जमेल" असे म्हटले की मनाला एक वेगळीच उभारी येते. आम्ही बाजारातून पेस्टची छोटी पिचकारी आणली आणि दार लावून कामाला बसलो.

ज्यांनी संगणकाचा डबा कधी उघडून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा हिशेबनीस. १९७१ साली इंटेल कंपनीने काढलेल्या ४००४ या पहिल्या प्रोसेसरात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते व तो काही विशेष तापत नसे. आज तेवढ्याच जागेत त्यांची संख्या अब्जावधींच्या घरात गेली आहे, आणि इतक्या गर्दीत उष्णता ही होणारच. म्हणून प्रोसेसरच्या पाठीवर धातूचा एक पन्ह्यापन्ह्यांचा ठोकळा बसवितात व त्यावर पंखा. उष्णता प्रोसेसरातून ठोकळ्यात जाते आणि तेथून वाऱ्यावर. एवढ्यानेही भागले नाही, तर शंभर अंशांच्या आसपास प्रोसेसर आधी आपली गती कमी करतो आणि मग जीव वाचविण्यासाठी स्वतःच बंद होतो. आमच्या यंत्राचे तेच चालले होते.

आता खरी गोम अशी की प्रोसेसरची पाठ आणि ठोकळ्याचा तळ, दोन्ही आरशासारखे गुळगुळीत दिसत असले तरी तसे नसतात. डोळ्यांना न दिसणारे खळगे दोन्हींवर असतात. एकमेकांवर दाबून ठेवले तरी त्यांचा खरा स्पर्श थोड्याच ठिकाणी होतो; उरलेल्या जागी हवा राहते. हवेइतकी उष्णता अडविणारी वस्तू सहजी सापडणार नाही. अ‍ॅल्युमिनियम तिच्याहून सुमारे नऊ हजार पट अधिक उष्णता वाहून नेते. ही अडकलेली हवा हुसकावून खळगे भरून काढणे, एवढेच त्या पेस्टचे काम.

आम्ही जुना वाळलेला थर अल्कोहोलने पुसला. तरुणाने वाटाण्याएवढा ठिपका सांगितला होता. तो आम्हांला फार थोडा वाटला. मुरगळलेल्या पायावर आंबेहळदीचा लेप जितका जाड तितका गुण लवकर, अशा घरात आम्ही वाढलेलो. आम्ही जवळजवळ अर्धी पिचकारी रिकामी केली, बोटाने छान सारवून घेतले, ठोकळा बसविला आणि समाधानाने हात धुतले. दुसऱ्या दिवशी संगणक अकरालाच बंद पडला.

चौथ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने तो तरुण आला. ठोकळा उचलताच तो हसला. ठोकळ्याच्या चार पायांपैकी एक नीट बसलाच नव्हता, त्यामुळे दाब कमी पडून लेपाचा जाड थर तसाच राहिला होता. "फादर, हवा घालवायची असते, लेप द्यायचा नसतो," तो म्हणाला. मग त्याने आम्हांला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. ही पेस्ट हवेच्या शंभर-दीडशे पट चांगली खरी, पण धातूच्या तुलनेत तिची क्षमता पन्नासाव्या हिश्श्याएवढीही भरेल न भरेल. म्हणजे खळग्यांत ती उपकारक, आणि खळग्यांबाहेर, जेथे धातूला धातू भेटू शकला असता तेथे, तीच अडसर. त्याने सारे पुसले, छोटासा ठिपका ठेवला आणि समोरासमोरचे पाय आळीपाळीने दाबून बसविले. तापमान सत्तरीच्या आत आले. आमचे लक्ष मात्र तोवर त्या यंत्रातून उडून दुसरीकडेच गेले होते.

लातूर जिल्ह्यात सेवेस असताना दोन भावांच्या भांडणात आम्ही मध्यस्थ झालो होतो. ओळख पटू नये म्हणून तपशील गाळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि त्यांचे वडिलार्जित घर गेले. त्या भागातील भिंती दगडमातीच्या, हातभराहून जाड. आत एक व बाहेर एक असे दगडांचे दोन पदर आणि मध्ये चिखल-कपची. दोन्ही पदरांना सांधणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हता. जमीन हलताच पदर एकमेकांपासून सुटले आणि माळवदाचा भार खाली आला. हजारो माणसे त्याखाली गेली. पुनर्वसनात मिळालेले घर थोरल्याच्या नावे झाले, आणि कालांतराने त्यावरून दोघे भाऊ बोलेनासे झाले.

आम्ही निरोप नेऊ लागलो. थोरला म्हणे, "त्याला सांगा, हिस्सा हवा असेल तर कोर्टात ये." आम्ही धाकट्याला सांगत असू, "दादा म्हणतात, कागदपत्रे एकदा नीट पाहू." धाकटा जे बोले तेही आम्ही असेच धुऊन, वाळवून, घडी करून थोरल्याकडे पोहोचवीत असू. दोन वर्षे शांततेत गेली. मग एका लग्नात दोघे समोरासमोर आले, शब्दाला शब्द लागला आणि सारे उघडे पडले. धाकटा आमच्याकडे आला. तो रागावलेला नव्हता. त्याने एवढेच विचारले, "फादर, दोन वर्षे मी दादाशी बोलत होतो की तुमच्याशी?"

हितासाठी बोललेले असत्य क्षम्य आहे काय, हा प्रश्न सेमिनरीत आम्ही घोकून घोकून शिकलो. संत ऑगस्टिन यांनी असत्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले, आणि त्यांना कोणतीच सवलत मान्य नव्हती. तरुणपणी ते आम्हांला निष्ठुर वाटत. युधिष्ठिराने अश्वत्थाम्याविषयी उच्चारलेले अर्धसत्य तर आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. परंतु हे सारे असत्य बोलणाऱ्याच्या अंगाने पाहणे झाले. मधल्या माणसाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. निरोपातली शिवी गाळणे आणि निरोपात नसलेला होकार घालणे या दोन गोष्टी आम्ही एकच समजलो. पहिलीत खळगा भरला जातो: भाऊ भावाला रागाने जे बोलतो त्यातले निम्मे त्याला स्वतःलाच नको असते. दुसरीत मात्र मध्यस्थ आपल्या पदरचे काही दोघांमध्ये घालतो, आणि त्या दोघांचा स्पर्श त्याच्या जाडीएवढा दूर जातो.

यावर कोणी म्हणेल की तुम्ही जसेच्या तसे सांगितले असते, तर प्रकरण पहिल्याच आठवड्यात कोर्टात गेले असते. गेलेही असते. यंत्रावरून माणसाची उपमा घेताना हात आखडता घ्यावा, हेही आम्हांला मान्य आहे. धातूला जुने बोल आठवत नाहीत. पण आणखी एक कबुली द्यावयास हवी. त्या दोन वर्षांत दोन्ही घरी आमची वाट पाहिली जाई, दोन्हीकडे चहा होई, आणि आपल्यावाचून यांचे चालत नाही ही भावना आम्हांला सुखावत असे. लेप जाड झाला तो केवळ दयेने नव्हे.

तो तरुण गेल्यावर आम्ही दोन पत्रे लिहिली, दोन्ही भावांना एकच मजकूर. त्या दोन वर्षांतील जेवढे निरोप आठवले तेवढे क्रमाने मांडले, आणि प्रत्येकात कोणते शब्द त्यांचे व कोणते आमचे, ते वेगळे दाखविले. ते दाखविताना लाज वाटली. थोरल्याचे उत्तर आले नाही. तीन आठवड्यांनी धाकट्याचा फोन आला. त्याने पत्रातली काही वाक्ये वाचून दाखविली, आणि "कागदपत्रे नीट पाहू" यापाशी थांबून हे कोणाचे, असे पुन्हा विचारले. ते आमचे, आम्ही म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने दादांचा नवा मोबाइल नंबर मागितला.