पाठवून द्यायची सोय

"मामा, त्या म्हातारीला आनंदवनात पाठवायचं म्हणतायत." भाचीनं पिशवी ओट्यावर टेकवली आणि पाणी मागायच्या आधी हेच सांगितलं. ती आशा कार्यकर्ती. कडा गावाच्या आसपासच्या वस्त्यांवर कुष्ठरोग शोध मोहिमेत फिरते, अंगावरचे फिकट चट्टे बघते, तिथं स्पर्श कळतो का ते विचारते.

"औषध चालू आहे ना?"

"बारा महिन्यांचा कोर्स कधीच पुरा झाला. रोग गेला, वाकलेली बोटं तेवढी तशीच राहिली. पण सुनेच्या डोक्यात रगतपिती. कड्याला २०२२ साली रेल्वे आली, पण म्हातारीचं ताट अजून वेगळंच. मुलगा म्हणतो, तिकडं सगळी तिच्यासारखीच, जीव रमेल. तुम्ही तिकडं जाऊन आलात. काय सांगू त्याला?"

तरुणपणी मी बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेलो होतो, तेव्हा वरोऱ्याला आनंदवनात मुक्काम केला होता. "जागा चांगलीच," मी म्हणालो. "बाबांनी १९४९ साली खडकाळ माळावर कुष्ठरुग्णांसाठी सुरुवात केली. ज्यांच्या हातची भाजी आधी कुणी घेईना, त्यांनीच पुढं बाहेरच्या पोरांसाठी कॉलेज उभं केलं."

"म्हणजे पाठवू?"

"तसं कुठं म्हणालो? तिथं मागावर एक जण भेटला. आपल्याच भागातला, बोलण्यावरून कळलं. अंगठा शाबूत, बाकी बोटांची खुंटं. तुटलेला धागा दातात धरायचा आणि तळहातानं वळायचा. गाव विचारलं तर सांगेना. उलट मलाच विचारलं, यंदा बाजरी कशी, पाऊस कितपत. जाऊन या की एकदा, म्हटलं. तर म्हणाला, बहिणींची लग्नं व्हायचीत."

"म्हणजे आनंदवनानं त्याला सांभाळलं, आणि त्याच्या गावालाही."

"गावाला कसं?"

"गाव सुटलं ना! वाईट जागी आईला टाकलं तर लोक तोंडात शेण घालतील. चांगल्या जागी पोहोचवली की वर पुण्य. जागा जितकी चांगली, तितका पाठवणारा मोकळा."

हे मला झोंबलं. "मग तेव्हा काय करायचं होतं? गाव सुधारेपर्यंत माणसानं देवळाच्या पायरीवर भीक मागायची? आजची मिश्र औषधं १९८२ नंतरची."

"तेव्हाचं बरोबरच होतं, मामा. मी आजचं विचारतेय."

"आजचंही इतकं सोपं नाही. हवाईत कुष्ठरुग्णांना कालाउपापाला ठेवायची सक्ती १९६९ साली उठली. तरी तिथं जन्म काढलेले कितीतरी जण तिथंच राहिले. ग्रीसचं तसंच स्पिनालोंगा बेट १९५७ साली रिकामं केलं. आता तिथं बोटीनं पर्यटक उतरतात. जागा रिकामी झाली म्हणजे न्याय झाला, असं मला नाही वाटत. उभं आयुष्य गेल्यावर घरी जा म्हणणं म्हणजे पुन्हा हाकलणंच."

"तिथं राहायचं त्यांनी स्वतः ठरवलं. म्हातारीला कुणी विचारलंय?"

"तू विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, पोरगा म्हणंल तसं."

"झालं तर. तिची मर्जी."

"ही मर्जी? रोज वेगळ्या ताटात जेवणारं माणूस दुसरं काय म्हणणार? घटस्फोटाच्या कारणांतून हा रोग काढायलाच आपल्याला २०१९ उजाडलं. कायदा सुधारला, चूल नाही सुधारली."

"आणि तू अडवलंस तर ती मरेपर्यंत त्याच चुलीपुढं, त्याच ताटात जेवणार. गाव सुधारावं हे तुझं म्हणणं, त्याची किंमत तिनं का भरायची?"

यावर ती बराच वेळ बोलली नाही. पिशवीतलं रजिस्टर काढलं, पुन्हा आत ठेवलं. माझ्याकडंही पुढचं काही नव्हतं. खरं सांगायचं तर दोन्ही बाजू मला पटत होत्या, आणि अशा वेळी वडीलधाऱ्यानं गप्प बसलेलं बरं.

"सून वाईट नाही, भितीय," ती शेवटी म्हणाली. "उपचार झालेल्या माणसापासून लागण होत नाही, हे मी तिला तोंडानं दहादा सांगितलं. परवा तिथंच जेवते. म्हातारीबरोबर, एका ताटात."

"आणि तरी नाही ऐकलं तर?"

"तर वरोऱ्याला चिठ्ठी लिहू. पण ती मुलानं लिहायची. आईला घरात का ठेवता येत नाही, ते त्याच्या हातानं लिहू दे."