प्रवासाआधींचीं देणीं

मनुष्य प्रवासास निघतो तो गाडींत पाय ठेवतांना नव्हे. बेत करावयास बसतो त्याच क्षणीं तो निघालेला असतो. कोठें जावें, केव्हां जावें, काय पाहावें आणि त्यासाठीं किती खर्च करावा, हे प्रश्न वरवर पाहतां केवळ व्यवहाराचे वाटतात. परंतु त्या वेळीं आपण कोणते प्रश्न विचारतों आणि कोणते विचारावयाचे विसरतों, यावरून आपल्या मनाची जितकी पारख होते तितकी प्रत्यक्ष प्रवासांतहि क्वचितच होत असेल. या विचारास निमित्त झाला तो आमच्याच घरांतील एक बेत.

आम्ही वऱ्हाडांतलीं माणसें. कापूस, काळी माती आणि वैशाखांतलें ऊन यांची आमची ओळख पुरेपूर. समुद्राची मात्र ऐकीव. आमच्या जिल्ह्याचें पाणी तेवढें दोन्ही समुद्रांना जाऊन मिळतें. पूर्णा तापीच्या संगतीनें पश्चिमेकडे जाते, वर्धा गोदावरीच्या वाटेनें पूर्वेकडे. माणसें मात्र जेथल्या तेथेंच. आमच्या घरांतील निम्म्या मंडळींनीं अजून समुद्र पाहिलेला नाहीं. म्हणून गेल्या दिवाळींत धाकटे बंधु अकोल्याहून सहकुटुंब अमरावतीस आले असतां, ‘समुद्र पाहावयाचाच तर जेथें माणसाचें पाऊल नाहीं अशा ठिकाणीं पाहूं,’ असें माझ्या पुतण्यानें सुचविलें, तेव्हां सर्वांनीं तें उचलून धरलें. ठरलें तें सुंदरबन.

निवड अगदींच आडवाटेची नव्हती. १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हां देशांतील जीं पहिलीं नऊ अरण्यें त्यासाठीं निवडलीं गेलीं त्यांत आमचा मेळघाट होता, आणि गंगेच्या मुखाशीं असलेलें सुंदरबनहि होतें. एक सातपुड्याच्या उतारांवरचें सागाचें रान, दुसरें भरती-ओहोटीच्या चिखलांत उभें असलेलें खारफुटीचें; वाघ मात्र दोहोंकडे. १९८४ सालीं सुंदरबन राष्ट्रीय उद्यान झालें आणि १९८७ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत त्याची गणना केली. घराच्या वरच्या मजल्यावर आम्हीं नकाशा पसरला. बडनेऱ्याहून हावडा सुमारें तेराशें किलोमीटर. तेथें शहर ओलांडून सियालदह. सियालदहहून कॅनिंगपर्यंत लोकल गाडी. पुढें मोटारीनें गोदखाली. आणि तेथें रस्ता संपून नाव. पुतण्यानें एका वहींत हें सारें नीट मांडलें. भाडें, परवाने, वाटाड्या, फराळाचें, औषधें, एकहि रकाना रिकामा राहिला नाहीं.

आमच्या आत्याबाई कोपऱ्यांत वाती वळीत ऐकत होत्या. त्या मध्येंच म्हणाल्या, “तिथं कोनी राह्यत नाही म्हनता, त मंग नाव कोन चालवते?” आम्ही सारे हंसलों. पण रात्रीं मंडळी झोंपल्यावर तो प्रश्न माझ्यापाशीं जागा राहिला.

सुंदरबनाच्या गाभ्यांत मनुष्यवस्ती नाहीं हें खरें. पण कडेच्या बेटांवर लक्षावधि माणसें राहतात. मासे आणि खेंकडे धरणारे कोळी, तसेच वसंतांत मध काढावयास रानांत शिरणारे मौले, यांचें पोट त्या रानावरच चालतें. रानांत पाऊल टाकण्यापूर्वीं ते बनबीबीला नमस्कार करतात. हिंदु करतात, तसेच मुसलमानहि करतात. तिची आण अशी कीं गरजेपुरतें घ्यावें, लोभानें शिरूं नये. २००९ चें आयला आणि २०२० चें अंफान हीं वादळें आलीं तेव्हां बांध फुटून खारें पाणी शिरलें तें यांच्याच शेतांत. आमची नाव चालविणारा यांच्यापैकींच कोणी तरी असणार. आम्हीं ‘निर्जन’ म्हटलें तें या माणसांच्या डोक्यांवरून दृष्टि टाकून.

आणि तो गाभा तरी निर्जन कसा राहिला? १९७८ सालीं पूर्व बंगालमधून आलेले हजारों निर्वासित दंडकारण्याकडील आपल्या वसाहती सोडून सुंदरबनांतील मरीचझांपी नांवाच्या बेटावर येऊन राहिले. झोंपड्या उभ्या राहिल्या, शाळा निघाली. पण जागा राखीव वनाची होती. १९७९ च्या जानेवारींत सरकारनें बेटाची नाकेबंदी केली आणि मे महिन्यांत त्यांना बळानें हुसकून लावलें. त्यांत किती जीव गेले याविषयीं आजहि एकवाक्यता नाहीं. फाळणीनें उखडल्या गेलेल्या अशाच बंगाली कुटुंबांपैकीं कित्येक आमच्या विदर्भांत, गडचिरोली-चंद्रपुराकडे, वसविलीं गेलीं आहेत. तेव्हां ही कथा अगदींच परक्या मुलखाची म्हणतां येत नाहीं.

घराशेजारचें पाहावें तर मेळघाटांतूनहि गांवें उठलीं आहेत. या शतकाच्या आरंभीं बोरी, कोहा, कुंड अशा कोरकूंच्या गांवांपासून त्याचा प्रारंभ झाला, आणि पुढें आणखी कित्येक गांवें सपाटीवर आणून वसविण्यांत आलीं. मरीचझांपी आणि मेळघाट यांस एकाच मापानें मोजणें अन्यायाचें होईल. येथें मोबदला दिला गेला. शाळा, रस्ता, दवाखाना जवळ यावा म्हणून कित्येक कुटुंबें आपखुषीनेंहि खालीं उतरलीं. तथापि अकोट तालुक्याकडे वसविलेल्या कांहीं कुटुंबांनीं २०१९ च्या जानेवारींत पुन्हां रानाची वाट धरली आणि वनखात्याच्या माणसांशीं त्यांची झटापट झाली, हेंहि विसरतां येत नाहीं. ज्याला नव्या जागीं सर्व कांहीं मिळालें तो मनुष्य सहसा असा माघारी फिरत नाहीं.

येथें कोणी विचारील, ‘मग काय अरण्यें राखूंच नयेत?’ प्रश्न रास्त आहे. राखलीं नसतीं तर आज वाघ चित्रांतच पाहावा लागता. आणि खारफुटीची भिंत पडली तर समुद्रावरून येणाऱ्या वादळाचा पहिला तडाखा त्याच गरीब बेटांना बसेल. दुसरा कोणी म्हणेल, ‘मग निदान आपण तरी जाऊं नये.’ हें बोलणें ऐकावयास सात्त्विक वाटतें, पण त्यांत एक सोयिस्कर आळस लपलेला आहे. आम्ही घरीं बसल्यानें उठलेलें एकहि गांव परत वसत नाहीं, आणि नावाड्याची त्या दिवसाची मजुरी मात्र बुडते. न जाणें ही कांहीं फेड नव्हे. तेव्हां जावें कीं न जावें हा खरा प्रश्नच नाहीं. कोणत्या नात्यानें जावें, हा प्रश्न आहे.

मला वाटतें, किंमत आणि ऋण या दोहोंत आपण गल्लत करतों. किंमत चुकती केली कीं नातें संपतें. तिकिटाचे पैसे देऊन आपण गाडींतून उतरतों तेव्हां आपलें आणि गाडीचें कांहीं देणेंघेणें राहत नाहीं. ऋणाचें तसें नाहीं. तें रकमेनें फिटत नाहीं, वागण्यानें फिटतें. आणि फिटेपर्यंत नातें तुटत नाहीं. आपल्याकडे देव, ऋषि आणि पितर यांचीं तीन ऋणें सर्वांस ठाऊक असतात. परंतु शतपथ ब्राह्मणांत चौथें मनुष्यांचेंहि ऋण सांगितलें आहे, आणि माणसांना आसरा व अन्न देऊन तें फेडावयाचें असतें. जें रान पाहावयास आम्ही जाणार तें रान राहावें म्हणून कोणाचा तरी आसरा आणि कोणाचें तरी अन्न गेलेलें आहे. प्रवेशाच्या परवान्यावर जी रक्कम छापलेली असते ती केवळ किंमत. ऋणाचा आंकडा कोणत्याच पावतीवर नसतो.

या ऋणाची जाणीव असलेला पाहुणा कसा असतो हें पाहावयास आम्हांला दूर जावयास नको. आमच्याच जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मलेले गाडगेबाबा (१८७६–१९५६) परक्या गांवांत शिरले कीं प्रथम हातांत खराटा घेत, कीर्तन त्यानंतर. ज्या गांवचें अन्न खावयाचें त्या गांवचें कांहीं तरी काम आधीं करावें, मग बोलावें, असा त्यांचा क्रम होता. आम्हां सुशिक्षितांचा क्रम नेमका उलटा. आम्ही येतों, पाहतों, वाखाणतों आणि केर मागें ठेवून निघतों.

चार दिवसांनीं पुतण्याची खर्चाची वही मीं आत्याबाईंना वाचून दाखविली. त्यांनीं ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलें, “देनं कोनाचं राह्यलं तं नाही नं?” त्यांच्या सासूबाई काशीस निघाल्या तेव्हां आधीं महिनाभर घरांत एकच काम चाललें होतें. वाण्याचें, सोनाराचें, शेजारणीकडून आणलेल्या पायलीभर ज्वारीचें, जें जें देणें होतें तें तें फेडलें गेलें. जिच्याशीं बोलणें टाकलें होतें त्या जावेच्या घरीं जाऊन त्यांनीं तिचे पाय धरले. मग गाडी जुंपली. परत आल्यावर मावंदें झालें तेंहि सगळ्या गांवाला जेवूं घालून. ‘देणें ठेवून गेलें तर तीर्थ लागत नाहीं,’ असें त्या म्हणत. यांत परत न येण्याची भीति होती हें खरें, पण तेवढेंच नव्हतें. पवित्र स्थळीं उभें राहावयास मनुष्य मोकळा असावा लागतो, ही त्यामागची समजूत होती.

आत्याबाईंच्या त्या प्रश्नावर ‘नाहीं’ असें म्हणावयास मीं तोंड उघडलें आणि तें तसेंच राहिलें. ज्या खोलींत आम्हीं नकाशा पसरला होता ती पांच वर्षांपूर्वीं बांधलेली. विटा वाहावयास मेळघाटांतील एक कोरकू जोडपें होतें. तें आमच्याच अंगणांत छपरी घालून दोन महिने राहिलें. होळी जवळ आली तशीं तीं दोघें गांवीं निघालीं. होळी हा त्यांचा वर्षांतला मोठा सण. तिला मजूर थांबत नाहीं. शेवटच्या आठवड्याची मजुरी राहिली होती. कंत्राटदार म्हणाला, ‘परत आलीं कीं देऊं.’ तीं परत आलीं नाहींत. तो हिशेब कंत्राटदाराचा, असें म्हणून मीं तो विषय मनांतून काढून टाकला. बाईनें एकदां आपल्या गांवाचें नांव मला सांगितलें होतें. गोसाबा, सजनेखाली, गोदखाली हीं नांवें मीं एका संध्याकाळीं पाठ केलीं होतीं. तें एक नांव कांहीं केल्या मला आठवेना.

दुसऱ्या दिवशीं मीं कंत्राटदाराकडे गेलों. जुन्या वह्या उलटतां उलटतां त्याला तीं नांवें सांपडलीं आणि गांवहि सांपडलें. तें गांव आतां डोंगरांत राहिलेलें नाहीं. त्यांतील माणसें अकोटकडच्या सपाटीवर आणून वसविलेलीं आहेत. बंधूंना अकोल्यास कळविलें आहे. येत्या रविवारीं आम्ही दोघे तिकडे जाणार आहों. तीं दोघें भेटतील कीं नाहीं, भेटलीं तर आम्हांला ओळखतील कीं नाहीं, आणि ओळखून काय म्हणतील, हें सांगतां येत नाहीं. पांच वर्षें उशीरानें नेलेली आठ दिवसांची मजुरी हातांत ठेवतांना काय बोलावें, हेंहि मला अजून सुचलेलें नाहीं.

सुंदरबनाचा बेत मोडलेला नाहीं. पुतण्याच्या वहींत सगळे रकाने जेथल्या तेथें आहेत. फक्त पहिल्या पानावर, बडनेऱ्याच्याहि वर, अकोटची एक ओळ वाढली आहे.