खोगिरावरचा समतोल



अंगुत्तर निकायात केसी नावाच्या अश्वदमकाचे सुत्त आहे. घोड्यांना वळण कसे लावतोस, असे भगवंतांनी त्याला विचारले. काहींना मृदुपणे, काहींना कठोरपणे, काहींना दोन्ही प्रकारे, असे त्याने सांगितले. या सुत्तावर प्रवचने होतात ती घोड्याच्या शिक्षणाविषयी. पाठीवर बसणाऱ्याचे काय? आज त्याच्याविषयी बोलू.

माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्याशी थांबतात. पुढे तांबड्या मातीची, मुळांनी आणि दगडांनी भरलेली वाट. नवखा माणूस घोड्यावर चढतो आणि भीतीने गुडघे आवळतो. आपण घट्ट बसलो असे त्याला वाटते. घडते उलटेच! आवळलेले गुडघे त्याला खोगिरातून वर ढकलतात, टाच उचलली जाते, पाय रिकिबीत डळमळतो. मग तोल राखण्यासाठी तो लगाम ओढतो. त्या लगामाच्या टोकाला काय आहे? घोड्याच्या तोंडातले लोखंड. भीती स्वाराची आणि वेदना मुक्या जनावराला! पोत्यासारखे सैल बसणेही तितकेच वाईट, कारण ते ओझे त्याच्या पाठीवर आपटत राहते. सोण भिक्खूला तथागतांनी वीणेच्या तारांची उपमा दिली, ती येथे किती चपखल बसते पाहा.

मग बसावे कसे? कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत. चवडा रिकिबीवर, टाच किंचित खाली, नजर पुढच्या वाटेवर. चढावर कमरेतून थोडे पुढे झुकावे, लगाम सैल द्यावा, हवी तर आयाळ धरावी. उतारावर अंग सरळ ठेवावे, मागे रेलून पडू नये. घोडा ठेचकाळला तर मान लांबवून स्वतःला सावरतो. त्याच क्षणी लगाम खेचणारा त्याचा आधार काढून घेतो.

आणि श्वास. घाबरलेला माणूस तो रोखून धरतो आणि सारे अंग लाकूड होते. आनापानसतीचा अभ्यास असलेल्या उपासकाला हे निराळे सांगायला नको. श्वास सोडला की खांदे उतरतात, कंबर मोकळी होऊन घोड्याच्या चालीबरोबर हलू लागते. घोडा हलतो म्हणून स्वारालाही हलावे लागते. दगडासारखा बसेल तो पडेल. उपेक्खा म्हणजे बेपर्वाई, असा अर्थ लावणाऱ्यांनी चांगला स्वार एकदा पाहावा.

उतरल्यावर घोडेवाल्याला तंग सैल करायला सांगा आणि खोगिराखालची पाठ पाहा. घासल्याची खूण दिसली तर परतीची वाट पायी चाला.