शेवटच्या पानावरचं लग्न

इंग्रजीतल्या ऐतिहासिक प्रेमकादंबरीचा शेवट वाचकाला पहिलं पान उघडण्याआधीच ठाऊक असतो. दोघांचं जमणार, आणि बहुतेक वेळा लग्न होणार. एवढ्याच कारणासाठी बरेच जाणकार हा प्रकार हलका ठरवून बाजूला सारतात. मला या कादंबऱ्या मनापासून आवडतात, आणि त्यांतही ज्यांची नायिका तिच्या काळाच्या चौकटीत मावत नाही अशा विशेष. ही आवड कशाची, याचा विचार करत गेले तसतसं एक लक्षात येत गेलं. शेवट ठरलेला असला तरी नायिकेसाठी तोच सर्वांत धोक्याचा असतो. तिनं तोवर जे काही मिळवलेलं असतं ते सगळं त्या लग्नात एका दिवसात जाऊ शकतं. चांगली लेखिका हे ओळखून लिहिते, आणि तिथंच माझं वाचन रंगतं.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला इंग्लंडचा कायदा बघा. लग्न लागलं की कायद्याच्या नजरेत बाई स्वतंत्र माणूस उरत नसे. तिची रोकड, दागिने, सामानसुमान आणि पुढे तिनं कमावलेला पैसाही नवऱ्याचा. तिला स्वतःच्या नावानं करार करता येत नसे, फिर्याद लावता येत नसे. मुलांवर हक्क बापाचा. कॅरोलाइन नॉर्टन ही त्या काळातली नावाजलेली लेखिका. नवऱ्यापासून वेगळी झाली तेव्हा तिची तिन्ही मुलं तिला दुरावली, आणि लेखणीवर मिळवलेल्या पैशावरही कायद्यानं त्याचाच अधिकार होता. तिनं लिहून, झगडून लहान मुलांच्या ताब्याविषयीचा 1839चा कायदा घडवून आणायला हातभार लावला. विवाहितेच्या मालमत्तेविषयीचे कायदे त्यानंतर आले, 1870 आणि 1882 मध्ये. आपल्याकडे स्त्रीधन ही कल्पना निदान शास्त्रात तरी होती. प्रत्यक्षात त्यातलं किती बाईच्या हातात राहत असे, हा निराळा विषय. इंग्लंडात ऐपतदार बाप लग्नाआधी करारनामा करून, विश्वस्त नेमून मुलीसाठी थोडं काही राखून ठेवत. गरिबाच्या मुलीला तीही सोय नव्हती.

हा कायदा डोक्यात ठेवून जॉर्जेट हेयरकडे यावं. आज जिला आपण रीजन्सी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडात घडणारी, प्रेमकादंबरी म्हणतो तिचा साचा हेयरनं घडवला. आजारी भावाची करमणूक व्हावी म्हणून रचलेल्या गोष्टीतून तिची पहिली कादंबरी 1921 मध्ये आली, आणि 1935च्या ‘रीजन्सी बक’पासून तिनं तो काळ आपलासा केला. ‘द ग्रँड सोफी’ (1950) या कादंबरीतली सोफी मुत्सद्दी बापाबरोबर युरोपभर फिरलेली आहे. लंडनला आत्याच्या घरी येते ती माकड, पोपट आणि कुत्रा घेऊन. घोडागाडी स्वतः हाकते, पिस्तूल बाळगते, आणि सावकाराच्या घरी एकटी जाऊन आतेभावाची अंगठी सोडवून आणते. त्या ज्यू सावकाराचं चित्रण द्वेषानं भरलेलं आहे. ते पान मला आजही खुपतं, आणि आवडत्या लेखिकेचं आहे म्हणून त्यावर पांघरूण घालावंसं वाटत नाही.

पण सोफी मोडते ते शिष्टाचार. घरातल्या मंडळींना ती हलवते, अडलेली लग्नं जुळवते, मोडायला हवीत ती मोडते. कायद्याला तिचा धक्का कुठंच लागत नाही. लग्नानंतर तिच्या घोड्यांचं आणि पैशाचं काय होणार, हे हेयर विचारत नाही. नवरा भला आहे, एवढ्यावर सगळं सोपवलेलं. मला सोफी आवडते ती तिच्या कर्तबगारीसाठी. तिच्या हातात राज्य द्यावं अशी ती बाई आहे, आणि तिच्या काळानं तिला फक्त एक दिवाणखाना दिला. हेयरच्या विनोदाखाली ही जाणीव आहे असं मला वाटतं.

पुढचं वळण अमेरिकेत आलं, आणि ते खडबडीत आहे. 1972 मध्ये कॅथलीन वुडिविसची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ एव्हन प्रकाशनानं थेट स्वस्त पुस्तकाच्या रूपात काढली आणि ती प्रचंड खपली. शयनगृहाचं दार तिनं उघडं ठेवलं. हेयरच्या कादंबऱ्यांत ते बंदच असे. पण तिच्यातल्या नायक-नायिकेच्या नात्याची सुरुवात बलात्कारानं होते, आणि अशा कादंबऱ्यांची त्यानंतर रांग लागली. त्या मला वाचवत नाहीत. तरीही ज्या बायका त्या वाचत होत्या त्यांच्याकडे तुच्छतेनं पाहणं मला मान्य नाही. जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेनं अमेरिकेतल्या एका गावातल्या अशा वाचक स्त्रियांशी सविस्तर बोलून 1984 मध्ये ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक लिहिलं. घरादारासाठी दिवसभर राबणाऱ्या त्या बायकांना पुस्तक हातात असतानाचा वेळ तेवढा स्वतःचा वाटत होता, आणि त्यांना हवी होती ती हुशार, स्वतंत्र बाण्याची नायिका. म्हणजे वाचणाऱ्यांची मागणी लिहिलेल्या पुस्तकांच्या पुढे होती.

नव्वदच्या दशकात त्या मागणीजोगी पुस्तकं आली. लोरेटा चेजच्या ‘लॉर्ड ऑफ स्काउंड्रल्स’ (1995) मधली जेसिका ट्रेंट नायकावर गोळी झाडते, हे सगळ्यांना आठवतं. मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या दोन गोष्टी. एक, जेसिकाला जुन्या वस्तूंची पारख आहे; मळाखाली दडलेलं मौल्यवान चित्र तिला कळतं, आणि या पारखीवर दुकान काढून जगायचा तिचा बेत आहे. दुसरी, अब्रू गेल्यावर ती रडत बसत नाही, वकील गाठते. लग्नाची बोलणी होतात ती देण्याघेण्याच्या अटींवर, आणि त्या टेबलावर ती स्वतः असते. इथं कादंबरीनं कायद्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं असं मला वाटलं. चेजच्याच ‘मिस्टर इम्पॉसिबल’ (2005) मध्ये 1821चा इजिप्त आहे. शांपोलिओंनं चित्रलिपीचा उलगडा जाहीर केला त्याच्या आदल्या वर्षीचा. नायिका डॅफ्नी ही लिपी सोडवण्याच्या मागं लागलेली विधवा; पहिल्या नवऱ्याला तिचा अभ्यास सोसला नव्हता, आणि आता जगासमोर विद्वान म्हणून नाव आहे ते तिच्या भावाचं.

मग चौकटीबाहेरची नायिका म्हणजे काय, या प्रश्नाचं माझं उत्तर इथं बदललं. पुरुषी कपडे चढवणारी, झाडावर चढणारी, फटकन बोलणारी मुलगी एवढ्यानं भागेना. जिच्यापाशी सोडवत नाही असं एखादं काम आहे, आणि प्रेमाला ज्या कामासमोर वाकावं लागतं, ती खरी. काम आलं की काळही आपोआप येतो, कारण त्या काळानं बाईला ते काम करू दिलं नसतं. नुसता अंगरखा जुना आणि मतं आजची, अशी नायिका मला कंटाळवाणी वाटते. तिला किंमत मोजावी लागत नाही.

किंमत म्हणजे काय ते बेव्हर्ली जेंकिन्सनं दाखवलं. तिची ‘इंडिगो’ (1996) ना राजवाड्यात घडते ना लंडनमध्ये. 1850च्या दशकातलं मिशिगन आहे. हेस्टर वायट ही गुलामीत जन्मलेली, आता मुक्त झालेली कृष्णवर्णी तरुणी, दक्षिणेतून पळून येणाऱ्या गुलामांना आपल्या घरात लपवते. लहानपणी निळीच्या कामात रंगलेले तिचे हात कायमचे निळसर झाले आहेत. पळालेल्या गुलामाला मदत करणं 1850च्या कायद्यानं गुन्हा होता. गुलामीत नवराबायकोची ताटातूट मालकाच्या मर्जीवर होत असे. अशा माणसांसाठी लग्न हा एक हक्क होता, हिरावलेला आणि परत मिळवलेला. लग्न म्हणजे धोका, हा माझा सिद्धान्त इथं उलटा होतो, आणि तसा तो व्हायलाच हवा. ज्यांना लग्नच नाकारलं गेलं त्यांच्या कादंबरीत शेवटचं लग्न मुक्तीचं असतं.

पुढच्या लेखिकांनी कायदाच कथानकात आणला. कोर्टनी मिलनच्या ‘द काउंटेस कॉन्स्पिरसी’ (2013) मध्ये आनुवंशिकतेवरचं संशोधन व्हायोलेटचं आहे आणि ते सभांमधून मांडतो तिचा मित्र सेबास्टियन. कादंबरीचा सगळा ताण या खोट्यावर उभा आहे. ईव्ही डनमोरची ‘ब्रिंगिंग डाउन द ड्यूक’ (2019) 1879च्या ऑक्सफर्डमध्ये घडते. त्याच वर्षी तिथं मुलींसाठी पहिली दोन वसतिगृहं सुरू झाली. पदवी मात्र मुलींना 1920 पर्यंत मिळाली नाही. तिथल्या मैत्रिणी विवाहितेच्या मालमत्तेच्या कायद्यात बदल व्हावा म्हणून झटतात. म्हणजे नायिका ज्या दारातून आत जाणार आहे, त्या दाराची कडी बदलण्याचं काम ती आधीच हाती घेते.

या सगळ्या वाचनात मला राहून राहून गिरगावातल्या रखमाबाईंची आठवण येत राहिली, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. अकराव्या वर्षाच्या आसपास लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. 1884 मध्ये त्यांच्या नवऱ्यानं, दादाजी भिकाजींनी, मुंबई हायकोर्टात दावा लावला तो वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा. हा हक्क इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी 1885 मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूनं दिला. अपिलानंतर मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई तुरुंगाला तयार होत्या. खुद्द इंग्लंडात मात्र अशा नकारासाठी तुरुंगात टाकणं 1884 मध्येच बंद झालं होतं. ज्या कायद्याशी कादंबरीतल्या नायिका झुंजतात तो कायदा इंग्लंडात मऊ होत होता, तेव्हा मुंबईत तो एका मराठी मुलीवर उगारला गेला. 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला वैद्यकी शिकल्या आणि परतल्यावर सुरतेला त्यांनी वर्षानुवर्षं रुग्णसेवा केली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. त्यांचा सुखान्त या कादंबरीप्रकारात मावत नाही, आणि तो सुखान्त आहे याबद्दल मला शंका नाही.

आपली ऐतिहासिक कादंबरी समृद्ध आहे. पण तिची नायिका बहुधा इतिहासातून आलेली असते. ‘स्वामी’मधल्या रमाबाईंना थेऊरला सती जावंच लागतं, आणि ‘राऊ’मधल्या मस्तानीला 1740च्या पलीकडे जगता येत नाही. इतिहास शेवट लिहून मोकळा झालेला असतो. रा. भि. गुंजीकरांनी 1871च्या ‘मोचनगड’मध्ये कल्पित माणसं शिवकाळात वावरवली होती, पण आपल्या मोठ्या कादंबऱ्या पुढं थोरामोठ्यांच्या चरित्रांकडे वळल्या. कल्पित मुलीला जी मोकळीक असते ती चरित्रनायिकेला नसते.

ती मोकळीक घेऊन कुणीतरी 1880च्या दशकातली एक कल्पित विधवा लिहावी, असं मला फार वाटतं. पुण्यामुंबईतली, मृत नवऱ्याची शेती आणि त्याचा छापखाना एकटीनं सांभाळणारी, प्रूफं स्वतः तपासणारी. 1856च्या कायद्यानं तिला पुनर्विवाहाची मुभा आहे, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमानुसार लग्न करताच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क जातो. समोर आवडलेला माणूस आहे, आणि दारात दीर वाट पाहत बसले आहेत. छापखाना न गमावता तिनं त्याच्याशी लग्न कसं करावं? चारशे पानं पुरतील असा हा पेच आहे, आणि ती चारशे पानं मला मराठीत वाचायची आहेत.